चेक-स्लोवाकांची फारकत, मुंबईचे द्विभाषिक आणि गोडादऱ्यातील मराठी माणूस

सुरत शहराच्या पूर्वेला गोडादरा नावाची वस्ती आहे. एकेकाळी ते शहराबाहेरचे गाव होते. आज लिंबायत, डिंडोली, उधना या भागांशी ते असे मिसळून गेले आहे की, एक वस्ती कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. येथील गल्ल्यांतून फिरताना कानावर पडणारी भाषा बहुतांशी धुळे, नंदुरबार, जळगावची असते. श्रावणात येथे कानबाईची स्थापना होते, रोट होतात आणि आखाजीला गावाकडे जाणाऱ्या गाड्यांना जागा पुरत नाही. एका नातेवाइकाच्या घरच्या कार्याच्या निमित्ताने मी तेथे दोन दिवस होतो. यंत्रमागावर उभा जन्म घालवलेले एक वृद्ध गृहस्थ, मी सीमाप्रश्नावर लिहितो हे कळल्यावर, शेजारी येऊन बसले आणि त्यांनी विचारले, "भाऊ, पहिले एकज राज्य व्हतं ना? मंग येगळं काबर व्हयनं?"

पूर्वी एकच राज्य होते, मग वेगळे का झाले? प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर तेथे बसल्या बसल्या देता आले नाही, कारण त्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. राज्य वेगळे का झाले हा पहिला, आणि वेगळे झाल्यावर रेषेच्या पलीकडे राहिलेल्यांचे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्यावर फारसे नाही. दोन्हींचा एकत्र विचार करण्यासाठी युरोपातील एका फारकतीचा इतिहास उपयोगी पडतो. चेक आणि स्लोवाक ही दोन राष्ट्रे १ जानेवारी १९९३ रोजी वेगळी झाली. ती का झाली, कशी झाली आणि आपल्याकडील १ मे १९६० पेक्षा त्यात काय निराळे होते, हे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे.

एका भाषेचे नाव, दोन भाषांचे वास्तव

चेक आणि स्लोवाक या दोन भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की, प्रागमधला माणूस ब्रातिस्लावातल्या माणसाशी आपापल्या भाषेत बोलतो आणि दोघांचे अडत नाही. तरीही त्या दोन आहेत. जानेवारी महिन्याला चेक माणूस 'लेदेन' हे जुने स्लाव्ह नाव देतो, तर स्लोवाक माणूस लॅटिनवरून आलेले 'यानुआर' म्हणतो. इतिहासही वेगळा होता. चेक प्रांत व्हिएन्नाच्या कारभाराखाली होते आणि तेथे उद्योग, विद्यापीठे, वृत्तपत्रे वाढली होती. स्लोवाक मुलूख शतकानुशतके हंगेरीच्या राज्याचा भाग होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे हंगेरियन भाषेची सक्ती इतकी वाढली की, स्लोवाक शाळा टिकवणे हीच मोठी लढाई झाली. लुडोविट श्टूर याने १८४३ मध्ये स्लोवाक भाषेला आजच्या रूपाच्या जवळ जाणारे प्रमाण रूप दिले, ते चेकपासून वेगळे राहण्याच्या स्पष्ट निर्धाराने.

पहिल्या महायुद्धानंतर, २८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोवाकियाची घोषणा झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे चेक व स्लोवाक स्थलांतरितांच्या संघटनांनी टोमाश मासारिक यांच्या उपस्थितीत एक करार केला होता. स्लोवाकियाला स्वतःचे प्रशासन, स्वतःची विधानसभा आणि स्वतःची न्यायालये मिळतील, तेथे स्लोवाक ही कारभाराची भाषा असेल, असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात घडले निराळे. १९२० च्या राज्यघटनेत 'चेकोस्लोवाक राष्ट्र' हा शब्द आला आणि भाषाविषयक कायद्यात 'चेकोस्लोवाक भाषा' ही राज्यभाषा ठरली. अशी एक भाषा बोलणारा माणूस कोठेही नव्हता. चेक प्रांतात तिचा अर्थ चेक आणि स्लोवाकियात तिचा अर्थ स्लोवाक असा होई.

हे का केले? कारण मोजणी. नव्या देशात सुमारे ३१ लाख जर्मन भाषक होते आणि स्लोवाक सुमारे २० लाख. चेक आणि स्लोवाक वेगवेगळे मोजले असते तर चेकांचा वाटा जेमतेम निम्मा भरला असता आणि जर्मन हा देशातील दुसरा मोठा समाज ठरला असता. दोघांना एका रकान्यात टाकले की, दोन तृतीयांशाच्या आसपास जाणारे भक्कम बहुमत तयार होई. १९२१ आणि १९३० या दोन्ही जनगणनांत हेच केले गेले. चेकांना यात काही गमवावे लागले नाही. स्लोवाकांना मात्र जनगणनेच्या तक्त्यात आपले नाव सापडेना. पुढील सत्तर वर्षांच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. आपली भाषा निराळी आहे हे सिद्ध करण्याची पाळी नेहमी लहान भावावर येते. मोठ्याला ते सिद्ध करावे लागत नाही, म्हणून लहान भावाचे दुखणे त्याला समजतही नाही.

फारकत कशी झाली

१९३९ मध्ये हिटलरच्या छायेखाली वेगळे स्लोवाक राज्य झाले आणि युद्धानंतर ते पुन्हा विलीन झाले. १९६८ च्या प्राग वसंतानंतर जी एकच सुधारणा टिकली ती संघराज्याची. १ जानेवारी १९६९ पासून चेक आणि स्लोवाक अशी दोन घटक प्रजासत्ताके अस्तित्वात आली. संघसंसदेच्या एका सभागृहात दोन्ही राष्ट्रांना समसमान जागा मिळाल्या आणि महत्त्वाच्या प्रश्नांवर दोन्हींचे स्वतंत्र बहुमत आवश्यक ठरले. एकपक्षीय राजवटीत या तरतुदीला काम नव्हते. १९८९ च्या नोव्हेंबरात ती राजवट कोसळली आणि कागदावरची तरतूद एकाएकी जिवंत झाली.

पहिला वाद झाला तो देशाच्या नावावरून. 'समाजवादी' हा शब्द गाळण्याची सूचना राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल यांनी जानेवारी १९९० मध्ये केली, तेव्हा स्लोवाक प्रतिनिधींनी चेको आणि स्लोवाक यांच्यामध्ये संयोगचिन्ह घालण्याचा आग्रह धरला. त्या एका आडव्या रेघेवरून तीन महिने वाद चालला आणि तो 'संयोगचिन्हाचे युद्ध' म्हणूनच ओळखला जातो. चेकांना तो पोरकट वाटला. स्लोवाकांना ती रेघ म्हणजे तक्त्यातील स्वतःचा रकाना वाटत होती. शेवटी 'चेक आणि स्लोवाक संघीय प्रजासत्ताक' हे नाव ठरले.

त्यानंतर आर्थिक प्रश्न आला. शस्त्रनिर्मिती आणि अवजड उद्योग स्लोवाकियात एकवटले होते. बाजारपेठ खुली करण्याच्या वेगवान धोरणाचा फटका तेथे जास्त बसला आणि तेथील बेकारी चेक भागाच्या कित्येक पटींनी वाढली. जून १९९२ च्या निवडणुकीत चेक भागात वाक्लाव क्लाउस आणि स्लोवाकियात व्लादिमिर मेचियार यांचे पक्ष पुढे आले. क्लाउस यांना सुधारणा झपाट्याने हव्या होत्या आणि त्यासाठी मजबूत केंद्र हवे होते. मेचियार यांना सैल बंधन हवे होते. दोघेही आपल्या भूमिकेवरून हलेनात. १७ जुलै रोजी स्लोवाक राष्ट्रीय परिषदेने सार्वभौमत्वाची घोषणा केली आणि २० जुलैला हावेल पायउतार झाले. २६ ऑगस्ट रोजी ब्रनो शहरातील तुगेनधाट बंगल्याच्या बागेत दोघा नेत्यांनी फारकतीचा कार्यक्रम ठरवला, २५ नोव्हेंबर रोजी संघसंसदेने तो कायदा केला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री एक देश संपला.

या काळातील जनमत चाचण्यांत दोन्हीकडे फारकतीला बहुमत नव्हते. सार्वमत घ्यावे म्हणून लाखो सह्या गोळा झाल्या होत्या. सार्वमत झाले नाही. रक्ताचा थेंबही सांडला नाही. संघाची स्थावर मालमत्ता जेथे होती तेथे राहिली आणि उरलेली बहुतांश मालमत्ता लोकसंख्येनुसार दोनास एक या प्रमाणात वाटली गेली. दोनास एक हे प्रमाण वाचकांनी लक्षात ठेवावे. आपल्या कथेतही ते येणार आहे.

आपले द्विभाषिक

मराठी आणि गुजराती माणसे ब्रिटिश अमदानीपासून मुंबई इलाख्यात एकत्र नांदत होती. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार केल्या. म्हणजे भाषावार प्रांताचे तत्त्व स्वातंत्र्यापूर्वीच मान्य झाले होते. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो बेळगावात झाला आणि बेळगावच महाराष्ट्राबाहेर राहिले, ही खंत या पानांच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीचे मन पालटले. दार आयोगाने १९४८ मध्ये भाषावार रचनेविरुद्ध मत दिले. पोट्टी श्रीरामुलू यांच्या बलिदानानंतर १९५३ मध्ये आंध्र झाले आणि न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात त्याने बहुतेक देशाला भाषेचे तत्त्व लावले. मराठी-गुजराती मुलखासाठी मात्र द्विभाषिक मुंबई राज्य सुचवले आणि विदर्भ वेगळा ठेवला. अडचण मुंबई शहराची होती. तेथील भांडवलात गुजराती व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता, गिरण्यांतील घाम बहुतांशी मराठी होता आणि शहराच्या चहूबाजूंचा मुलूख मराठी होता. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये, मुंबई केंद्रशासित करण्याच्या हालचालींविरुद्ध उसळलेल्या आंदोलनावर गोळ्या चालल्या. हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. चिंतामणराव देशमुख यांनी अर्थमंत्रिपद सोडले.

ऑगस्ट १९५६ मध्ये लोकसभेने अचानक तडजोड काढली. गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या सर्वांचे मिळून एकच मोठे द्विभाषिक करायचे असे ठरले. मराठी माणसाला मुंबई मिळाली, पण स्वतःचे राज्य मिळाले नाही. गुजराती माणसाला तर विचारलेच नव्हते. ८ ऑगस्ट रोजी अहमदाबादेत काँग्रेस भवनापुढे जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि तरुण मुले मृत्युमुखी पडली. महिनाभरात इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात जनता परिषद उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक अस्तित्वात आले तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांत सुतक होते. त्याच दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेले.

गुजराती जनतेचे म्हणणे आपण न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. द्विभाषिकाच्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. राज्य विभागले तेव्हा त्यांतील २६४ महाराष्ट्राकडे आणि १३२ गुजरातकडे गेल्या. म्हणजे बरोबर दोनास एक. गुजराती प्रतिनिधींनी एकमुखाने मत दिले तरी मराठी प्रतिनिधींपुढे ते निम्मेच ठरले असते. स्लोवाकांना प्रागमध्ये जी भीती वाटत होती, तीच भीती अहमदाबादला मुंबईविषयी वाटत होती. आपण येथे थोरला भाऊ होतो. बेळगावात धाकटेपण सोसणाऱ्या मराठी माणसाला हे उमगणे अवघड जाऊ नये.

१९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईत काँग्रेसला हादरा दिला. इंदुलाल याज्ञिक अहमदाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी राज्य नेटाने चालवले, परंतु नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित नेहरू आले तेव्हा वाटेवर उसळलेली निदर्शने पाहून, हे राज्य मनाने एक झालेले नाही, हे त्यांनाही दिसले. डिसेंबर १९५९ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने विभाजनाला मान्यता दिली, मुंबई पुनर्रचना कायदा संमत झाला आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली. साबरमतीच्या आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते गुजरात राज्याचे उद्घाटन झाले. नव्या राजधानीसाठी आणि महसुली तुटीसाठी महाराष्ट्राने गुजरातला रक्कम द्यायची, हेही ठरले.

दोन फारकतींची तुलना

आता दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहू. भाषा जवळच्या असल्या म्हणजे माणसे एकत्र राहतात, हा समज दोन्हीकडे खोटा ठरला. उलट, भाषा निराळ्या म्हणून वैर असते, हेही खरे नाही. चेक-स्लोवाकांत वैर नव्हते आणि आपल्याकडेही समिती आणि परिषद या दोन्ही चळवळींची मुख्य मागणी एकच होती. तक्रार होती ती न विचारता एका रकान्यात घातल्याची.

विरोध आहे तो दुसऱ्या बाबतीत. तिकडे जनतेच्या बहुमताला नको असलेली फारकत दोन नेत्यांनी सहा महिन्यांत उरकली. इकडे दोन्हीकडच्या जनतेला हवी असलेली फारकत नेत्यांनी साडेतीन वर्षे लांबवली आणि तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली. तिकडे कोणी मेले नाही, याचे श्रेय नेत्यांच्या शहाणपणापेक्षा भूगोलाला जास्त आहे. चेक आणि स्लोवाक यांच्यामधली सीमा जुन्या ऑस्ट्रिया आणि हंगेरीची सीमा होती आणि तिच्याविषयी फारसा वाद नव्हता. पुढे तेथे किरकोळ दुरुस्त्या झाल्या. १९९७ मध्ये अमलात आलेल्या करारान्वये ऊ साबोटू ही छोटी वस्ती स्लोवाकियाकडे गेली आणि सिदोनिए चेककडे आली. तेवढ्यावर प्रश्न मिटला. आणि प्राग किंवा ब्रातिस्लावा यांपैकी एकही शहर दोघांनी मागितलेले नव्हते.

आपल्याकडे मुंबई होती आणि मुंबईच्या उत्तरेला, खानदेश ते समुद्र या पट्ट्यात, ज्यांना धड मराठीही म्हणता येईना आणि गुजरातीही म्हणता येईना अशा लोकांचा मुलूख होता.

रेषेवरची गावे

१९६० च्या कायद्याने डांग जिल्हा गुजरातकडे गेला. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे तिकडे गेली. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावेही गेली. या गावांची नावे कायद्याच्या परिशिष्टात एकेक करून दिलेली आहेत. म्हणजे त्या वेळी संसदेने तालुका हे एकक न मानता गाव हे एकक मानले. आंध्र आणि मद्रास यांच्यातील वादातही ह. वि. पाटसकर यांनी खेडे हाच घटक धरला होता. महाराष्ट्र-कर्नाटक वादात आपण मागतो ते याहून निराळे काही नाही. जे उंबरगावला चालले ते बेळगावला का चालू नये, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

परंतु डांगचा प्रश्न आपल्यालाही अडचणीत आणणारा आहे. डांगचा कारभार ब्रिटिश काळात आधी खानदेशच्या आणि पुढे सुरतेच्या अधिकाऱ्याकडे होता. तेथील भिल्ल, कुकणा, वारली यांच्या बोलींना मराठी नेते मराठीची बोली म्हणत आणि गुजराती नेते गुजरातीची. डांगच्या माणसाला कोणी फारसे विचारले नाही. राज्य गुजरातचे झाले, शाळा गुजराती झाल्या. सुरगाणा आणि पेठ या बाजूला तीच बोली बोलणारी मुले मराठी शाळेत गेली. आज एकाच कुकणा कुटुंबातील दोन चुलत भाऊ दोन वेगवेगळ्या लिप्यांत सही करतात. मराठी आणि गुजराती या दोन थोरल्या भावांच्या भांडणात डांगी हा स्लोवाक होता. हे मान्य करताना जड जाते, पण मान्य केले पाहिजे.

रेषा किती कृत्रिम आहे हे पाहायचे असेल तर सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकावर उतरावे. दोन्ही राज्यांची सीमा त्या फलाटावरून जाते. एका बाकावर अर्धा भाग महाराष्ट्राचा आणि अर्धा गुजरातचा अशी खूण आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरची खोली गुजरातमध्ये. गाडीची घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चारही भाषांत होते. उधन्याहून निघालेली जी माणसे या गाडीने खानदेशात जातात, त्यांच्या दृष्टीने ती रेषा म्हणजे प्रवासातील एक थांबा आहे. त्याच मार्गावर पुढे नंदुरबार आहे. १९४२ मध्ये तेथे गोळ्या झेलणारा शिरीषकुमार हा गुजराती भाषक घरातील मुलगा होता. त्याला खानदेशाने कधी परका मानले नाही.

अहिराणीचा रकाना

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या वाक्याकडे पुन्हा येऊ. "पहिले एकज राज्य व्हतं ना?" यातील 'एकज' पाहा. मराठी 'एकच', गुजराती 'एक ज'. अहिराणी येथे गुजरातीच्या जवळ आहे. "तुझं नाव काय आहे?" हे अहिराणीत "तुनं नाव काय शे?" असे होते आणि गुजरातीत "तारुं नाम शुं छे?" यातील 'काय' मराठीचे आणि 'शे' गुजरातीच्या 'छे'चे भावंड. शाळेत जाणे हे अहिराणीत 'शाळामा' जाणे आणि गुजरातीत 'निशाळमां' जाणे. खानदेश हा दोन मोठ्या भाषांमधला पूल आहे आणि त्याची बोली त्या पुलासारखीच दोन्ही काठांना टेकलेली आहे.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भिल्ल भाषांच्या खंडात ती आहे. आपल्या जनगणनेतही 'खानदेशी' ही मराठीहून वेगळी भाषा आहे आणि अहिराणी, डांगी, गुजरी या तिच्याखाली येतात. २०११ च्या जनगणनेत या रकान्यात १८ लाखांहून अधिक माणसे आहेत. दुसरीकडे, मराठी समाज अहिराणीला आपलीच बोली मानतो. तिची शेजारीण असलेली लेवा गणबोली बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांतून १९५२ मध्ये छापून आली तेव्हा अवघा महाराष्ट्र थक्क झाला आणि ती गाणी जगापुढे आणण्यात पुढाकार होता आचार्य अत्रे यांचा, जे पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची मुलूखमैदान तोफ ठरले.

मग गोडादऱ्यातील माणूस कोण? अहिराणी लिहिली तर तो मराठीच्या संख्येतून वजा होतो. मराठी लिहिली तर अहिराणी कमी होते. चेकांनी स्लोवाकांना आपल्या रकान्यात घेतले ते संख्या वाढवण्यासाठी. आपणही अहिराणीला 'आपली बोली' म्हणतो तेव्हा आपल्या मनात प्रेम किती आणि मोजणी किती, हे तपासून पाहावे.

गोडादऱ्यात काय पणाला लागले आहे

हा प्रश्न पुस्तकी नाही. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. राज्याच्या दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या गरीब मुलांसाठी एका महानगरपालिकेने हे करावे, ही गौरवाची गोष्ट आहे आणि आपण ती मोकळ्या मनाने सांगितली पाहिजे. मराठी माध्यमाचे वर्ग कोठे उघडायचे, कोठे चालू ठेवायचे, हे शेवटी मुलांच्या संख्येवर ठरते. मूल भाषक म्हणून कोठेच मोजले गेले नाही तर त्याच्यासाठी शिक्षक मागायचा कोणत्या आधारावर?

राज्यघटनेच्या ३५०-अ कलमानुसार, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा आहे. हे कलम सातव्या घटनादुरुस्तीने आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आले. द्विभाषिक जन्मले आणि बेळगाव तुटले तोच हा दिवस. रेषा ओढणाऱ्यांना ठाऊक होते की, रेषेपलीकडे माणसे उरणार आहेत. त्यांच्यासाठी ठेवलेली ही एकच ठेव आहे आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

गुजरातने २०२३ मध्ये कायदा करून सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा केला. महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला आहे. म्हणून गुजरातच्या कायद्याविरुद्ध ओरड करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही आणि तशी गरजही नाही. सुरतेत जगणाऱ्या मुलाला गुजराती उत्तम आलीच पाहिजे. खानदेशाच्या मुलाला ती लवकर येते, हे वर पाहिलेच. प्रश्न आहे तो गुजरातीसोबत मराठी वाचता-लिहिता येण्याचा. आजी अहिराणी बोलते, आई टिकल्या लावायच्या साड्यांचा गठ्ठा पुढे घेऊन मराठी मालिका पाहते आणि नात गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जाते. तिला देवनागरी येते ती हिंदीमुळे. मामाच्या गावाहून आलेली लग्नपत्रिका ती वाचते, पण मराठी पुस्तक उघडत नाही. कोणी बंदी घातलेली नाही आणि कोणी गोळीही झाडलेली नाही. भाषा अशी चुपचाप कमी होते.

चेक आणि स्लोवाकांनी फारकतीनंतर काय केले हे येथे पाहण्यासारखे आहे. चेक प्रजासत्ताकाच्या प्रशासकीय कार्यवाहीच्या कायद्यात आजही तरतूद आहे की, स्लोवाक भाषेत दिलेला अर्ज आणि कागद चालतो, भाषांतर मागायचे नाही. स्लोवाक विद्यार्थी चेक विद्यापीठांत जातात. २००४ मध्ये दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय संघात गेले आणि डिसेंबर २००७ पासून सीमेवरची तपासणी बंद झाली. राज्ये वेगळी झाली म्हणून एकमेकांच्या माणसांना परके करायचे नसते, एवढे शहाणपण त्यांनी दाखवले. आपल्याकडेही मुंबईच्या महानगरपालिकेने गुजराती शाळा ठेवल्या आणि सुरतेने मराठी शाळा ठेवल्या. या दोन गोष्टी एकमेकींच्या जामीन आहेत. मुंबईत गुजरातीला आपण जे देऊ त्याच्या बळावरच सुरतेत मराठीसाठी मागता येईल, आणि सुरतेत जे मिळते त्याचाच दाखला बेळगावात देता येईल.

पुढची जनगणना २०२७ ची आहे. प्रगणक गोडादऱ्यातही येईल. आजवरच्या पद्धतीप्रमाणे मातृभाषेचा एक रकाना असतो आणि येणाऱ्या इतर भाषांसाठी दोन जागा असतात. माझा आग्रह एवढाच की, कोणीही आपल्याऐवजी तो रकाना भरू देऊ नये. घरात अहिराणी असेल तर अहिराणी लिहावी, त्यात लाज नाही आणि मराठीशी द्रोहही नाही. मात्र इतर भाषांच्या जागी पहिली मराठी आणि दुसरी गुजराती हे न चुकता लिहून घ्यावे. ज्यांच्या घरात मराठीच आहे त्यांनी मराठी लिहावी. 'सगळं हिंदीच टाका' असे म्हणून मोकळे होऊ नये. आणि शेजारच्या पालिका शाळेत मराठीचा वर्ग असेल तर निदान एकदा तेथे जाऊन पट पाहून यावे.

त्या गृहस्थांना मी उत्तर दिले ते अर्धवट होते. म्हटले, बाबा, दोघांनाही आपापल्या नावाचे घर हवे होते, म्हणून वेगळे झालो. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मंग आपलं घर कोनतं?" मी गप्प राहिलो. आज लिहिताना उत्तर सुचते. बाबा, जेथे तुमचा नातू तुमचे बोलणे समजेल आणि तुमच्या गावची चिठ्ठी वाचू शकेल, ते तुमचे घर; मग ते तापीच्या वरच्या अंगाला असो की खालच्या.